मालन सिस्टर नाडी बघतात

राक्षसाने पहारेकऱ्याचा हात खांद्यापासून उपटला. भिंतीवर रक्ताची चिळकांडी उडाली. सोफ्यावर बसलेल्या दोन आयांनी डोळे झाकून घेतले आणि मालन सिस्टर टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बघा, ग्लोव्हज न्हाईत हातात."

मालन सिस्टर मिरजेच्या एका इस्पितळातून निवृत्त झाल्या. छत्तीस वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी ऑपरेशन थिएटरमध्ये. यजमान गेलेले, मूलबाळ नाही. आमच्या अपार्टमेंटच्या तळमजल्यावर त्या राहतात, आणि इथल्या मुलांनी कोणता व्हिडिओ गेम खेळावा, कोणता खेळू नये, हे ठरवतात.

हे काम त्यांच्याकडे आलं ते दुसऱ्या मजल्यावरच्या जोशींमुळे. जोशी आपल्या मुलाचा नवा गेम तपासायला बसले आणि पाचव्या मिनिटाला घेरी येऊन पडले. सिस्टरांना बोलावलं. त्यांनी जोशींचे पाय उशीवर ठेवले आणि ते शुद्धीवर येईपर्यंत टीव्ही बघत बसल्या. जोशींनी डोळे उघडले तेव्हा त्यांना पहिलं वाक्य ऐकू आलं ते असं : "एवढ्याला पडलासा व्हय? आवं, हे रक्त हाय का कोकम सरबत? खरं रक्त थोड्या वेळानं काळं पडतंय."

पुढच्या सभेत ठराव झाला. मी पेपरात नोकरीला आणि सोसायटीचा सचिव, त्यामुळे इतिवृत्त माझ्याच हातचं आहे. पालकांनी मिळून घेतलेला कन्सोल सिस्टरांच्या घरी राहील. मुलं तिथेच खेळतील, चार ते साडेपाच. नवा गेम आधी सिस्टर तपासतील.

तपासणीची पद्धत त्यांनी स्वतः घालून दिली. मुलाने साबणाने हात धुऊन यायचं. सिस्टर मनगट धरून, घड्याळ लावून नाडी मोजणार आणि जुन्या डायरीत लिहिणार. वीस मिनिटं खेळ. पुन्हा नाडी. ती फार वाढली असेल तर गेम "ॲडमिट", म्हणजे सिस्टरांच्या कपाटात बंद. नाहीतर "डिस्चार्ज".

एकदा एका वडिलांनी हरकत घेतली, "सिस्टर, पाकिटावर वय लिहिलेलं असतंय की. बारा वर्षं म्हटलंय यावर."

"बाटलीवर बी लिवल्यालं आस्तंय," सिस्टर म्हणाल्या. "पेशंट कोण बघायचं?"

या पद्धतीत एक दोष होता. खेळ चालू असताना सिस्टर गप्प बसत नसत. कवटी फुटलेलं भूत भिंतीतून बाहेर आलं की त्या विचारणार, "ह्याचं ड्रेसिंग कुणी केलंय? आंधळ्यानं?" मुंडकं तुटलेला माणूस किंचाळला की, "गळाच न्हाई तर वरडतंय कशानं?" जखमी सैनिक लंगडत पळाला की, "आरं थांब, पायात सळी हाय तुझ्या!" मुलं हसून लोळायची. मुलं हसत असल्यामुळे नाडी वाढायची नाही, आणि नाडी वाढत नसल्यामुळे जवळपास प्रत्येक गेम पास व्हायचा. हा दोष मी त्यांच्या कानावर घातला नाही. रोज मुलांना ताटलीभर भडंग मिळायचं आणि पालकांना दीड तास शांतता.

दिवाळीच्या सुट्टीत तो राक्षसाचा गेम आला. मुलं महिनाभर त्याची वाट बघत होती. ओसाड पडलेलं इस्पितळ, सुरा घेऊन फिरणारा राक्षस, आणि त्याला चुकवत बाहेर पडायचं. सिस्टर खुशीत होत्या. घरचंच काम असल्यासारखं त्यांनी रिमोट हातात घेतला आणि सलाईनच्या चुकीच्या टांगलेल्या बाटल्यांना नावं ठेवत तिसऱ्या वॉर्डापर्यंत पोचल्या.

तिथे एका बंद दाराआडून मुलगी रडू लागली. भाषा इंग्रजी होती, पण मला घेऊन चला म्हणतेय, एवढं कुणालाही कळत होतं.

सिस्टर थांबल्या. "कुलूप कसं काढायचं रं हे?"

"निघत नाही ते, मी यूट्यूबवर बघितलंय," जोशींचा मुलगा म्हणाला. "पळा आजी, तो येतोय!"

"आरं, पण ती हाक मारतीया की."

"ती तशीच मारत असते. थांबलं की आपण मरतो."

सिस्टर चार वेळा मेल्या. मग मुलांची पाळी आली. सगळी त्या दारावरून सुसाट गेली. अकरा वर्षांची अन्वी तर एका हाताने भडंग खात गेली. सिस्टरांनी एकेकाची नाडी मोजली, डायरी मिटली आणि म्हणाल्या, "ॲडमिट."

गलका झाला. अन्वीचे वडील खाली आले. "नाडी कुणाची वाढली, सिस्टर?"

"कुणाचीच न्हाई. तेच म्हणतीया मी."

"म्हणजे?"

"रक्ताचं काय न्हाई वो. ते पुसलं की जातंय. पण पोरगी गळा काढून रडतीया आन् ही पोरं खात खात म्होरनं पळत्यात. एकाची नाडी हालंना. आसलं शिकवायचं व्हय?"

"अहो, गेम आहे तो."

"हितं थांबायची सवय न्हाई लागली, तर वॉर्डात कोण थांबंल?"

अन्वीच्या वडिलांनी वाद घातला नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःचा कन्सोल घेतला आणि त्याच गेमची दुसरी प्रत. मुलं तिसऱ्या मजल्यावर अन्वीच्या घरी गेली. आठ दिवस सिस्टरांच्या दाराबाहेर एकही चप्पल दिसली नाही. त्या चार वाजता दार उघडून ठेवत आणि साडेपाचला लावून घेत. निकाल मागे घेतला असता तर मुलं दहा मिनिटांत खाली आली असती. जोशी तसं सुचवायला गेलेही होते. सिस्टरांनी त्यांचं बीपी तपासून त्यांना परत पाठवलं.

नवव्या दिवशी पालकांचं ठरलं : खालचा कन्सोल नुसता पडून आहे, तोही वर आणावा. आणायला सचिवाला पाठवलं.

मी गेलो तेव्हा सव्वाचार झाले होते. दार उघडं होतं. सिस्टर टीव्हीसमोर बसल्या होत्या. पडद्यावर तिसरा वॉर्ड, ते बंद दार, आतून रडणं. त्या पळत नव्हत्या. नुसत्या दारासमोर उभ्या होत्या.

"कुलूप निघतंय का बघताय?"

"न्हाई निघत. समदं करून बघितलं."

"मग?"

"थांबलीया. आत एकटीच हाय ती."

राक्षस आला. पडदा लाल झाला. सिस्टरांनी बटण दाबलं, कॉरिडॉर पुन्हा चालून गेल्या आणि त्याच दाराशी थांबल्या.

"सिस्टर, आत कुणी नाही. नुसता आवाज भरलाय."

"म्हाईत हाय वो मला. येडी न्हाई झाली मी आजून." मग पडद्याकडे बघून, हलक्या आवाजात, "आलीया गं बाई. हाय मी हितंच."

राक्षसाच्या पावलांचा आवाज जवळ येत होता. सिस्टरांनी माझ्याकडे न बघता पायाने शेजारची खुर्ची पुढे सरकवली.

"बसा की पेपरवाले. का घाई हाय तुमाला बी?"

मी बसलो. राक्षस आला तेव्हा त्या दाराबाहेर आम्ही दोघं होतो.