नानांनी खाल्लेले चॉकलेट

गुरुवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी क्वासी आग्येमांगने चॉकलेटचा पहिला तुकडा तोंडात टाकला.

तीस वर्षे तो कोको पिकवत होता. बिया केळीच्या पानांखाली आंबवायच्या, बांबूच्या तट्ट्यांवर वाळवायच्या आणि पोती भरून पाठवायच्या. पुढे त्यांचे काय होते, हे त्याने कधी चाखले नव्हते. ही वडी त्याच बियांची होती. रास्त दराने माल घेणाऱ्या परदेशी कंपनीने ती पाठवली होती. अकरा वाजता कंपनीच्या मारेइकबाई येणार होत्या. या खरेदीतून गावाचे काय भले झाले ते पाहून करार चालू ठेवायचा की नाही, हे त्या ठरवणार होत्या. गावच्या कोको शेतकऱ्यांच्या संस्थेचा सचिव म्हणून आग्येमांगने वडी टेबलावर नीट मांडायची होती, एवढेच.

एक तुकडा गेल्यावर वडी वाकडी दिसू लागली. ती सरळ करण्यासाठी त्याने पूर्ण ओळ खाल्ली. मग ती आखूड वाटली. साडेनऊला हातात कागद उरला.

"तपासून बघत होतो," तो बायकोला, सेरवाला, म्हणाला.

"मग? पास झालं का?"

कोकोच्या सालींच्या राखेचा काळा साबण सेरवाचा महिला गट घरीच करी. त्यासाठीची पातेली करारात गावासाठी मिळणाऱ्या जादा पैशातूनच आली होती, आणि गावचा पाण्याचा पंपही. आग्येमांगने साबणाचा एक चौकोन कापून कागदात गुंडाळला. दिसायला अगदी तस्सा. कोण उघडून बघणार आहे, असे त्याचे म्हणणे होते.

"तुमच्यासारखं आणखी कुणी असलं तर?" सेरवाने विचारले.

गुरुवारी जमिनीला विश्रांती, कुणी शेतात जायचे नाही अशी रीत, त्यामुळे अख्खे गाव घरी होते आणि अख्खे गाव जमले. बाईंना आसन दिले, पाणी दिले, आणि येण्याचे कारण सर्वांना ठाऊक असूनही ते रीतसर विचारले. विचारले आग्येमांगनेच, कारण तो गावप्रमुख नाना ओसेई यांचा मुखत्यारही होता. नाना पाहुण्यांशी थेट बोलत नसत. ते पुटपुटत, आणि आग्येमांग हातातली काठी टेकवून ते ऐकण्याजोगे करून सांगे. अकरा वर्षांत नानांच्या तोंडून एकही वावगा शब्द बाहेर पडला नव्हता. म्हणजे कुणाच्या कानावर गेला नव्हता.

बाई म्हणाल्या की फोटो काढायचा आहे, पण पिकवणाऱ्यांनी आधी खायला हवे. त्यांनी कागद फाडला आणि मोठा तुकडा नानांच्या हातावर ठेवला. आग्येमांगने सेरवाकडे पाहिले. ती आभाळाकडे पाहत होती.

नानांनी चावले. चारचौघांत प्रमुखाने थुंकायचे नसते. नानांनी गिळले.

"आग्येमांग, हा साबण आहे," ते गावच्या त्वी भाषेत पुटपुटले.

आग्येमांगने काठी टेकवली आणि इंग्रजीत सांगितले, "नाना म्हणतात, या चॉकलेटमुळे गावात स्वच्छता आली."

"गाढवा, तुला उद्याच पदावरून काढतो."

"नाना म्हणतात, कामाच्या माणसांना ते कधी विसरत नाहीत."

"माझ्या तोंडाला फेस येतोय."

इथे मात्र आग्येमांगची अकरा वर्षांची विद्या संपली. "नाना म्हणतात," तो म्हणाला, आणि थांबला. फेस सर्वांनाच दिसत होता.

बाईंनी वही मिटली आणि स्वच्छ त्वीमध्ये म्हणाल्या, "सचिवसाहेब, नानांना आधी पाणी द्या. तुमच्याच पंपाचं." त्वी बोलणाऱ्या कुमासी शहरात चार वर्षे काढल्याचे त्यांनी नंतर सांगितले. जाताना उरलेली वडी त्यांनी कागदासकट पिशवीत टाकली. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

सोमवारी कराराच्या निर्णयाचे कंपनीचे पाकीट आले, नानांच्या नावे. नानांची पत्रे मुखत्यारानेच उघडून भर सभेत वाचायची, ही जुनी रीत. आग्येमांगला पदावरून अजून काढलेले नाही; नानांनी त्याला निरोप धाडला आहे, "या वेळी जसंच्या तसं वाच."

पाकीट जाड आहे. सेरवाने ते हुंगून पाहिले. तिच्या मते वास चॉकलेटचा आहे, आग्येमांगच्या मते साबणाचा. बुधवारची संध्याकाळ झाली तरी आग्येमांगने ते उघडलेले नाही.