एक रस्ता, तीन वजनं

बापटकाका माणसाकडे नुसतं बघून त्याचं वजन सांगत. तेही किलोत नाही, इंग्रजांच्या स्टोनमध्ये; एक स्टोन म्हणजे साधारण सव्वासहा किलो. लंडनजवळ स्लाऊच्या एका गोदामात तीस वर्षं पार्सलांची वजनं करण्यात गेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही त्यांचा डोळा काट्यावरच. "साडेअकरा स्टोन," पहिल्याच भेटीत ते मला म्हणाले, "बूट धरून." मंडळाच्या गणपतीत ते दारात दिसले की बायका पटापट खाली बसत. बसलेल्या माणसाचा अंदाज चुकतो, हे त्यांनीच एकदा सांगून टाकलं होतं.

बायको गेल्यापासून ते आमच्या शेजारी एकटेच राहत. त्या वर्षी त्यांना एकच कोडं पडलं होतं. आमची मुक्ता, समोरचा गोरा डीन आणि कोपऱ्यावरच्या जमैकन घरातली शॅनेल, तिघंही चौदा वर्षांची.

"एकच रस्ता, एकच शाळा, तेच फुटके दिवे. डीन वाळला, शॅनेल आहे तशी आहे आणि आपली मुक्ता दीड स्टोन वर. का हो?"

"चिप्स," मी म्हणालो.

"चिप्स तिघंही खातात!"

त्याच सुमारास मुक्ताच्या वजनाबद्दल शाळेच्या नर्सचं पत्र आलं. मला लाज वाटली. मुलीची नव्हे, माझी. मी तिला अधूनमधून गाडीने आणायचो, तेही बंद केलं. ती म्हणाली, "बाबा, तो रस्ता मला जड होते." इथेच जन्मलेली पोर, क्रियापदांशी तिचं कधी जमलंच नाही. "जड होतेस म्हणूनच चालायचं!" मी म्हणालो. वर हसलो. ते हसू मला अजून छळतं.

हाच विनोद एका रविवारी मी कुंपणावरून काकांना सांगितला. ते हसले नाहीत.

"अहो, 'जड जातो' म्हणायचंय तिला." त्यांनी हाक मारली, "मुक्ताबाई, त्या रस्त्यावर काय असतं गं?"

मुक्ता बाहेर आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "दुकानाच्या बाहेर बॉइज असतात. ब्राउन कोणी दिसलं की 'पाकी' ओरडतात. एकदा कॅन मारला. मग मी चिप शॉपमध्ये बसते, ते जाईपर्यंत. फुकट कसं बसणार? काहीतरी घ्यायला लागते."

"आणि डीन?"

"त्याला नाही ओरडत. त्याला त्यांच्या गँगमध्ये ओढतात. तो इतका स्केअर्ड असतो, लंच पण टाकून देतो."

"शॅनेल?"

"तिला पण ओरडतात. पण तिची ग्रॅन, म्हणजे आजी, येते ना न्यायला, छत्री घेऊन. एकाला मारली पण."

काकांनी दोन्ही हातांनी कुंपण धरलं. "रस्ता एकच," ते म्हणाले, "पण तो तिघांकडे सारखं बघत नाही."

दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून मी शाळेच्या फाटकाशी गेलो. काका आधीच हजर होते, टाय लावून.

"काका, तुम्ही कशाला?"

"मी इथे नवीन होतो ना, तेव्हा कामावरून लांबच्या रस्त्याने घरी यायचो. दोन मैल जास्त. बायकोला सांगायचो, व्यायाम करतोय. वाळत चाललो, तर तिला वाटायचं, इथलं पाणी मानवत नाही." ते फाटकाकडे बघत राहिले. "खरं काय ते सांगायचं राहूनच गेलं."

घंटा झाली. मुक्ता आली आणि आम्हा दोघांना बघून थबकली. काकांनी पुढे होऊन तिचं दप्तर आपल्या खांद्याला लावलं.

"चला मुक्ताबाई," ते म्हणाले, "आपण जवळच्या रस्त्याने जाऊ."