गोदाक्कांच्या विरजणाची ड्यूटी

शेलार हवालदार आमच्या घरी येऊन आमचं दही संपवत असत. खात असत असं मी म्हणत नाही. खाणारा माणूस चिमूटभर मीठ मागतो, साखर मागतो, निदान बरं लागलं म्हणतो. हवालदार मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात यायचे, जाळीच्या कपाटातून दह्याचं पातेलं काढायचे, उभ्याउभ्या ते रिकामं करायचे आणि कडेला लागलेलंही बोटानं पुसून घ्यायचे. चेहरा असा, की काढा पितायत. मग पातेलं मोरीत नेऊन स्वतः विसळायचे आणि माझ्या बायकोला म्हणायचे, "वैनी, दही संपलं. आता विरजणाला काय करनार?"

"तुम्हीच सांगा," ती म्हणे.

"गोदाक्कांकडं जायचं. आन् तुमी न्हवं, भाऊंना धाडायचं. हापिसातनं आले की."

भाऊ म्हणजे मी. माझं ऑफिस कराडला आणि घर माधवनगरला. सकाळी पॅसेंजर, संध्याकाळी मिळेल ती एस.टी., तीही बहुतेक उभ्यानं. घरी पोचेपर्यंत अंगातलं त्राण गेलेलं असायचं. चपला काढून भिंतीला पाठ टेकावी, कुणी चहाचा कप हातात द्यावा आणि कुणी काही बोलू नये, एवढीच माझी मागणी होती. पण कपाच्या जागी रिकामी वाटी हातात यायची. "हवालदार येऊन गेले," बायको म्हणायची. ती तरी काय करणार? मी पुन्हा चपला घालायचो.

हवालदार मूळचे कराडच्या पलीकडच्या एका खेड्यातले. फौजेत नोकरी झाली, मग आमच्या इथल्या गिरणीच्या गेटवर पहारेकरी म्हणून लागले. गिरणी बंद पडली तरी हे गेले नाहीत. बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही, गावी भाऊबंद होते पण येणंजाणं बेताचं. गल्लीच्या तोंडाशी एका खोलीत राहायचे. त्या खोलीचं दार मी कधी बंद पाहिलं नव्हतं. थंडी असो, पाऊस असो, दार सताड उघडं. विचारलं तर म्हणायचे, "चोराला न्ह्यायला काय हाय आत? आला तर च्या पाजंन त्याला."

गिरणी बंद झाल्यावर गल्लीतली तरणी पोरं पुण्याला, इचलकरंजीला, जिकडे काम मिळेल तिकडे गेली. मागं राहिली आमच्यासारखी नोकरदार बिऱ्हाडं आणि एकेका खोलीत एकटी राहणारी म्हातारी माणसं. त्यातले एक अण्णा न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि तिथेच गेले. कुणाला पत्ताच नाही. दाराबाहेर दुधाची पिशवी तशीच दिसली, म्हणून दूधवाल्यानं आरडाओरडा केला. आम्ही सगळे शेजारी दारात उभे राहून एकमेकांकडे बघत होतो.

त्याच आठवड्यात हवालदारांनी मारुतीच्या देवळात गल्ली गोळा केली. लगेच कुणीतरी म्हणालं, मंडळ काढू. दुसरा म्हणाला, घटना तयार करू. अध्यक्ष कोण यावरून आवाज चढले. हवालदार खांबाला टेकून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मंडळ काढलंसा की अध्यक्ष म्होरं बसनार आन् म्हातारी माणसं मागं ऱ्हानार. मला येवढंच कळतंय, दिसातनं एकदा परत्येकाचं दार वाजलं पायजे. बास."

दार वाजलं पायजे, हे त्यांचं पालुपद. पण दार वाजवून उपयोग होत नव्हता, कारण म्हातारी माणसं ते उघडत नव्हती. गोदाक्का तर सर्वांत वस्ताद. गिरणीतल्या जॉबरची, म्हणजे मुकादमाची, विधवा, मुलगा पुण्यात, अंगानं काटकी आणि तोंडानं फटकळ. माझी बायको एकदा पुरणपोळ्या घेऊन गेली तेव्हा दार बोटभर उघडून म्हणाल्या, "मी भिक्षा मागितली हुती का?" आणि दार लागलं. पोळ्या परत आल्या, त्या आम्हीच दोन दिवस खाल्ल्या.

ही हकिगत ऐकून हवालदारांच्या डोक्यात प्रकाश पडला. "वैनी, तुमचं चुकलं. तुमी द्यायला गेलासा. मागाय जावा. दारात मागाय आलेल्या शेजारणीला कोन हाकलतंय?"

तेव्हापासून आमच्या गल्लीत मागण्याची मोहीम सुरू झाली. जोशी तात्या एकटे राहायचे, त्यांच्याकडे पंचांग होतं. हवालदारांनी हुकूम सोडला, तिथी विचारायची ती तात्यांनाच. पहिल्याच दिवशी इतक्या घरांतून माणसं गेली, की दुपारी तात्या ओट्यावर येऊन ओरडले, "सकाळपासून चतुर्थीच आहे! मी काय करू?" पण संध्याकाळी ते धोतर बदलून, पंचांग मांडीवर घेऊन बसलेले दिसले.

आणि विरजण मागायचं गोदाक्कांकडे. ज्या घरात दही शिल्लक असेल त्यांनी काय करायचं, हा प्रश्न हवालदारांनी स्वतःच्या अंगावर घेतला. बाकीच्या घरांत ते नुसते डोळे वटारत. आमच्याकडे मात्र मागचं दार उघडं आणि माझी बायको भिडस्त, म्हणून रोजचं पातेलं आमचं.

मी वाटी घेऊन उभा राहिलो की गोदाक्का आधी मला नखशिखांत न्याहाळायच्या. "परत? तुमच्या घरात दही टिकत न्हाई का वो?" मग आत जायच्या, चमचाभर विरजण घालायच्या आणि वाटी हातात देता देता गिरणीचा भोंगा, नवऱ्याचा राग, सुनेचं न आलेलं पत्र, असं सगळं सांगायच्या. माझे पाय गळून जायचे. पण उंबऱ्याबाहेर ठेवायच्या त्या काही दिवसांनी आत बसायला सांगू लागल्या, हेही खरं.

पावसाळ्यात घोटाळा झाला. गोदाक्कांचं दही बिघडलं. त्याला तार सुटली. आणि अख्ख्या गल्लीचं विरजण एकाच भांड्यातून जात असल्यामुळं घरोघरच्या दह्याला तार सुटली. चमचा वर उचलला की पातेल्यापासून तोंडापर्यंत धागा. माझ्या मुलीनं त्या दह्याला हात लावायला साफ नकार दिला. गल्लीतल्या बायका एकजुटीनं हवालदारांच्या उघड्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. ही गल्लीची पहिली खरी एकजूट.

हवालदारांनी शांतपणे विचारलं, "आक्कांस्नी कुनी सांगितलं का?"

"नाही अजून."

"मग कुनी सांगायचं न्हाई. सांगितलं की त्या द्यायच्या बंद. मागायचं, 'लय बेस लागलं हुतं' म्हनायचं, आन् घरी आनून जास्वंदीला घालायचं."

तो सबंध पावसाळा आमच्या गल्लीतल्या जास्वंदी दह्यावर वाढल्या. आम्ही डेअरीतून दही आणायचो. तेही हवालदार येऊन संपवायचे, कारण त्यांचा नियम विरजणाचा होता, दही कुठलं याचा नव्हता. मी एकदा वैतागून म्हणालो, "हवालदार, मी दमून येतो हो. एखादा दिवस सोडा मला." ते म्हणाले, "भाऊ, दमल्यालं मानूसच जातंय. बिनकामाचं मानूस उद्या जातो म्हनतंय." मी वाटी उचलली.

थंडी सुरू झाली आणि एके दिवशी हवालदार आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. बायको म्हणाली, गावी गेले असतील. आमचं दही पातेल्यात तसंच राहिलं, घट्ट, गोड. त्याच दह्याचं विरजण लावलं. मी ऑफिसमधून आलो, भिंतीला पाठ टेकली, चहा प्यायलो, आणि कुणी काही बोललं नाही. इतकं सुख मला कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं. सगळ्या गल्लीनं तीच सुट्टी घेतली. गोदाक्कांच्या दाराकडे कुणी फिरकलं नाही.

पुढच्या संध्याकाळी एस.टी.तून उतरून गल्लीत शिरतो तो गोदाक्का हवालदारांच्या खोलीपाशी उभ्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात झाकलेली वाटी. त्यांना घराबाहेर मी पहिल्यांदाच बघत होतो. आणि हवालदारांचं दारही बंद होतं; दोन दिवस तिथूनच जाऊनही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"विरजण मागाय कुनी आलं न्हाई," त्या म्हणाल्या, "तवाच म्हनलं, ह्यो बाबा जाग्यावर न्हाई. न्हाईतर ह्यो तुमच्या घरात दही ऱ्हाऊ देतोय व्हय? वाजवा दार. माझ्या हाताला जोर न्हाई."

मी जोरानं वाजवलं. आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला. बराच वेळ गेला. मग कडी निघाली आणि भिंतीला धरून हवालदार उभे राहिले. दाढी वाढलेली, दोन्ही गुडघे सुजून नारळाएवढे झालेले. आम्हाला बघून त्यांनी आधी केस सारखे केले.

"कुत्रं आत शिरत हुतं म्हून दार लावलं," ते म्हणाले. "मग गुडघं धरलं. उठाय ईना."

"हाक मारायची की हो!"

"मारनार हुतो." ते खाली बघत राहिले. "पन म्हनलं, बघू, कुनी वाजवतंय का. पडून ऐकत हुतो. ह्याच्यासाठीच मी दार उघडं ठेवतो, भाऊ. लावून घेतलं की वाट बघाय लागती."

माझा चहा, माझी भिंत, माझं घट्ट दही सगळं एकदम आठवलं. मी त्यांना धरून बाजेवर बसवलं.

गोदाक्कांनी वाटी त्यांच्यापुढे ठेवली. "ह्ये विरजण. मागलं बाद झालं हुतं, ह्ये नवं हाय. आन् तार सुटलीया ते मला कळत न्हवतं, असं वाटलं व्हय रं तुमाला? पन मानसं येत हुती, म्हून मीबी गप बसले. दूध घ्या, दही लावा."

"आक्का, मला दही चालत न्हाई," हवालदार म्हणाले. "गुडघ्याला लय वंगाळ. डागदरनं कवाच बंद केलंया."

"मग आमच्याकडचं रोज?" मी विचारलं.

"ती ड्यूटी हुती," ते म्हणाले.

"खा कोन म्हनतंय?" गोदाक्का कडाडल्या. "लावा म्हनती मी. माझं समदं दही मी आज देऊन टाकनार. उद्या माझ्याकडं विरजण नसंल. मी मागाय येनार."

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या एस.टी.नं आलो. हवालदारांचं दार पुन्हा बंद दिसलं तशी मी पावलं उचलली. खिडकीतून डोकावलो. ते बाजेवर ताठ बसले होते. दाढी केलेली, धुतलेला सदरा, गुडघ्यांना लेपाच्या पट्ट्या. समोर स्टुलावर ताटलीखाली झाकलेलं पातेलं. मी दार वाजवायला हात उचलला तसे ते आतून दबक्या आवाजात म्हणाले, "भाऊ, तुमी न्हवं. तुमी जावा घरी. आक्का यायच्या हायत."

मी बाजूला होऊन समोरच्या ओट्यावर टेकलो; तिथून खिडकी दिसत होती. थोड्या वेळानं गोदाक्कांची काठी वाजत वाजत आली आणि त्यांनी दारावर थाप मारली. हवालदार उठले नाहीत. मला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नाही. दुसरी थाप पडली तेव्हा कुठे आतून आवाज आला, "आलो, आलो." सगळ्या गल्लीला दुसऱ्यांची दारं वाजवायला लावणारा माणूस आपलं दार वाजलेलं जरा पोटभर ऐकून घेत होता.