मिकिओनचा गळा

पाहुणे यायला अजून अवकाश होता आणि मिकिओन अंगणात जोडपावा वाजवणाऱ्या बाईशी घासाघीस करत होता.

“तू फक्त जोरात फुंकायचंस,” तो म्हणाला. “डहाळी माझ्या हातात आली, की माझा आवाज मलासुद्धा ऐकू येता कामा नये.”

“गाणं कोणतं?” फानियोनने विचारलं. अथेन्सच्या निम्म्या बैठकी तिच्याच फुफ्फुसांवर चालत.

“गाणं नाहीच. मी नुसतं तोंड हलवणार.”

“म्हणजे दोघांचं काम मी एकटीने करायचं. मग वाम माशाचा मधला तुकडा माझा.”

“तो फिलाग्रोसांसाठी ठेवलाय.”

“मग त्यांनाच फुंकायला सांगा.”

तुकडा तिचा झाला. मिकिओनची गरजच तशी होती. फिलाग्रोसच्या धाकट्याला आपली मुलगी द्यायची असं त्याने मनात धरलं होतं, आणि आज होकार मिळवायचा होता. पण बैठकीत डहाळी हातोहात फिरते, ज्याच्या वाट्याला येईल त्याने गायचं, आणि जो गात नाही त्याला आईबापांनी काही शिकवलंच नाही असं सगळे धरून चालतात. मिकिओन गायला लागला की त्याची गाढवीण दावं तोडायची.

दिवे लागले. डोक्याला फुलं गुंडाळून मंडळी गाद्यांवर कलंडली. डहाळी फिरत मिकिओनकडे आली, तसे फानियोनने गाल फुगवले. मिकिओनने डोळे मिटले, तोंड उघडलं, हात छातीवर ठेवला आणि शेवटी डोळ्यांत पाणीही आणलं.

“वा, काय भाव,” लिसानोर म्हणाला. दारूत पाणी किती घालायचं आणि कुणी काय करायचं, हे आज त्याने ठरवायचं होतं आणि त्याचा शब्द मोडायची सोय नव्हती. “पण पाव्यापुढे आवाज पोचला नाही. बाई, पावा खाली ठेव. मिकिओन, पुन्हा एकदा, एकट्याने.”

“घसा बसलाय हो.”

“मध आणा रे.”

“मधाने मला खोकला येतो.”

“मग बिनपाण्याची पाजा.”

ती प्यावी लागली. फिलाग्रोसचा चेहरा मात्र मघापासून उतरला होता आणि आता तो गादीखाली चपला चाचपत होता. याने आपली लबाडी ओळखली, सोयरीक हातची गेली, असं मिकिओनला वाटलं. त्याने आशेने फानियोनकडे पाहिलं. ती वाम खात होती.

अब्रू गेलीच आहे तर गाऊन तरी टाकू, म्हणून तो गायला. पहिल्या ओळीला लिसानोरचा पेला सांडला. दुसऱ्या ओळीला गोठ्यात दावं तुटलं. तिसरी त्याला आठवली नाही, हे सगळ्यांचं नशीब.

फिलाग्रोस चपला सोडून त्याच्या शेजारी येऊन बसला.

“हा तुमचा खरा आवाज?”

“हो,” मिकिओन मान खाली घालून म्हणाला. “मघाशी नुसतं तोंड हलवत होतो.”

“माझा तर जीव भांड्यात पडला,” फिलाग्रोस म्हणाला. “माझा थोरला व्याही गातो हो. दर सणाला येतो आणि गातो. सून स्वयंपाक करताना गाते, भांडताना गाते. पुन्हा गाणाऱ्या घरात सोयरीक करायची नाही, असं बायकोला वचन दिलंय मी. मघाशी तुमचे भाव बघून उठूनच चाललो होतो.”

“म्हणजे आपलं जमलं म्हणायचं?”

“जमलं. मुलगी गात नाही ना?”

“छे, नाव काढू नका.”

तेवढ्यात अंगणापलीकडच्या बायकांच्या खोलीतून माग खटखटू लागला आणि त्याच्या ठेक्यावर एक आवाज उठला. रस्त्यावरून जाणारी माणसं थबकावीत असा तो आवाज होता. होणाऱ्या सासऱ्याच्या कानी पडावा म्हणून आईने लेकीला मुद्दाम मागावर बसवलं होतं.

“हे कोण गातंय?” फिलाग्रोस दचकला.

“शेजारची मुलगी.”

“बिचारी. तिचं लग्न जमणं कठीण आहे.”

“तिच्या बापालाही तोच घोर लागलाय,” मिकिओन म्हणाला आणि दार लावायला उठला.