आतल्या माणसाला सांगा

शमीमताई तांबोळींनी एखादा पदार्थ नावं न ठेवता खाल्ला असेल, तर तो आमच्यापैकी कुणाच्या देखत तरी नाही. येरवड्याच्या आमच्या सोसायटीत लग्नाचं जेवण असो, गणपतीचा प्रसाद असो, नाहीतर वरच्या मजल्यावरून आलेली वाटीभर बासुंदी असो, त्या पहिला घास घेतात, डोळे बारीक करतात आणि म्हणतात, "वाईट नाही, पण…"

त्या 'पण'ला अख्खी सोसायटी टरकून असते. माझी पुरणपोळी खाऊन त्या म्हणाल्या होत्या, "वाईट नाही, पण आत पुरण आहे हे आधी सांगायला हवं होतंस." तेव्हापासून आमच्याकडे होळीला श्रीखंड असतं.

पूर्वी त्या शिवणाचे क्लास घ्यायच्या. कपडा हातात आला की आधी उलटा करून टाके बघायच्या. ती सवय कपड्यांपुरती राहिली नाही, इतकंच. बँकेतून मी निवृत्त झाले तेव्हा सगळे अभिनंदन करत होते आणि शमीमताई माझ्या नव्या ब्लाऊजची बाही चिमटीत धरून म्हणत होत्या, "उसव आणि परत घाल."

तर अशा बाईबरोबर मी बोटीवर गेले. स्वतःच्या पायांनी, आनंदाने.

झालं असं, की त्यांचा एकुलता एक मुलगा इरफान हॉटेलचं शिक्षण घेऊन एका मोठ्या प्रवासी जहाजावर स्वयंपाकी म्हणून लागला. सिंगापूरहून निघून बेटाबेटांना भेट देत परत येणारं जहाज. तिथे काम करणाऱ्यांच्या घरच्यांना तिकिटात सवलत असते. त्याने आईला तिकीट पाठवलं. मिस्टर गेल्यापासून शमीमताई कुठेच एकट्या गेल्या नव्हत्या, म्हणून केबिनमधला दुसरा पलंग माझ्याकडे आला. माझ्या नवऱ्याने लगेच होकार दिला. यांना स्वारगेट ते कात्रज बसमध्येसुद्धा मळमळतं, त्यामुळे आपल्याला यावं लागत नाही याचाच आनंद मोठा होता.

सिंगापूरच्या बंदरावर मी समोरच्या पांढऱ्या इमारतीच्या मागे जहाज कुठे दिसतंय का ते वाकून वाकून बघत होते. ती इमारतच जहाज होती. शमीमताईंनी ते खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"वाईट नाही, पण एवढ्या उंचीला बूड लहान वाटतं," त्या म्हणाल्या.

आत तर मी वेडीच झाले. काचेच्या लिफ्टमध्ये पायाखालच्या गालिच्यावर आजचा वार लिहिलेला, रोज तो गालिचा बदलायचा. पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवलेला. सर्वात वरच्या मजल्यावर पोहण्याचा तलाव. सगळीकडे समुद्र असताना वर पाण्याची टाकी कशाला, हे शमीमताईंना पटलं नाही, पण पहिल्याच संध्याकाळी त्या तिच्यात पाय सोडून बसल्या होत्या.

त्यांचं खरं लक्ष मात्र कशातच नव्हतं. "इरफान भेटेल ना गं आता?" एवढंच चालू होतं.

जेवणाच्या आधी केबिनमधला फोन वाजला. इरफानच होता. शमीमताई बोलायच्या थांबून नुसत्या ऐकत होत्या, तेव्हाच मला काहीतरी बिनसल्याचं कळलं. तो नवीन होता. स्वयंपाकघरातल्या माणसांना प्रवाशांच्या भागात यायची मनाई होती. मोठे साहेब परवानगी देतात, पण त्यांच्या मर्जीने, आणि या फेरीत जहाज भरलेलं होतं. एखाद्या बंदरात सुट्टी मिळाली तर भेटू, असं सांगून त्याने घाईत फोन ठेवला.

"म्हणजे मी वर, आणि तो माझ्या पायाखाली," शमीमताई म्हणाल्या आणि पदर सारखा करून जेवायला निघाल्या.

आमच्या टेबलावर नागपूरचे वानखेडे काका-काकू होते. त्यांचा मुलगा पुण्यात खराडीला नोकरीला, त्यानेच त्यांना पाठवलेलं. वाढायला इंडोनेशियाचा एक हसरा मुलगा होता, बायू नावाचा. शमीमताईंनी त्याचं ताबडतोब 'बाबू' केलं आणि त्याच्याशी थेट पुणेरी मराठीत बोलायला सुरुवात केली. मटण हलाल आहे की नाही या भानगडीत न पडता त्यांनी डाळ मागवली. भारतीय जेवण इरफानच्याच विभागात व्हायचं.

त्यांनी घास घेतला. डोळे बारीक केले.

"बाबू, आतल्या माणसाला सांगा, डाळीची आणि फोडणीची अजून ओळख झालेली नाही."

बायू माझ्याकडे बघायला लागला. आता परक्या देशात, पहिल्याच दिवशी हे कसं सांगायचं? मी इंग्रजीत म्हटलं, "त्या म्हणतायत, डाळ फार नाइस झाली आहे." बायू खूश होऊन आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज पेनांगला लागलं. डेकवरून हिरवी टेकडी, तिच्या पायथ्याशी लाल कौलांचं जुनं गाव, आणि गरम, ओला, फुलांचा वास. मी लहान पोरीसारखी कठडा धरून उभी होते. इरफानला सुट्टी नव्हती. तरी शमीमताई उतरल्यावर बराच वेळ धक्क्यावर कर्मचाऱ्यांच्या दाराकडे बघत राहिल्या. मग प्लास्टिकच्या फुलांनी मढवलेल्या, गाणी लावलेल्या सायकलरिक्षातून आम्ही गाव पाहिलं. त्यांनी काही नावंसुद्धा ठेवली नाहीत, आणि मला त्याचीच काळजी वाटायला लागली.

रात्रीच्या जेवणाला परत डाळ आली. अगदी कालच्यासारखीच. शमीमताईंनी वाटी बाजूला सारली.

"काल तू त्या पोराला काय सांगितलंस?"

"तुम्ही म्हणालात तेच, जरा गोड करून."

"'नाइस' म्हणालीस. नाइस मला कळतं," त्या म्हणाल्या. "अगं, या जहाजावर हजार माणसं नाइस म्हणत असतील. नाइस म्हटल्यावर बाहेर आपली आई बसली आहे हे इरफानला कसं कळेल?"

वानखेडे काकांनी हातातला चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "ताई, बरोबर बोलून राह्यल्या तुम्ही. पाठवा निरोप."

मी बायूला बोलावलं आणि शब्दाला शब्द जोडून सांगितलं. डाळ आणि फोडणी अजून एकमेकांना भेटलेल्या नाहीत. बायूचा चेहरा उतरला. दोन मिनिटांत काळ्या कोटातला त्याचा साहेब माफी मागत आला. तक्रार लिहून घेऊ का, वेगळं काही आणू का, असं विचारायला लागला.

"याला सांग, तक्रार नाहीये," शमीमताई म्हणाल्या. "निरोप आहे. भारतीय डाळ करणाऱ्या मुलाला द्या म्हणावं, जसाच्या तसा."

साहेब गोंधळून बायूला घेऊन आत गेला. आम्ही चौघंही स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराकडे टक लावून बसलो होतो. बऱ्याच वेळाने बायू बाहेर आला, आणि येताना पळतच आला. त्याच्या हातात एक छोटी वाटी होती. वर तेलात तडतडलेला लसूण, काळपट झालेली लाल मिरची. येरवड्याला तांबोळींच्या खिडकीतून जिन्यात येतो तो वास इथे मलाक्काच्या समुद्रात आला.

"आत एक मुलगा आहे," बायू मला सांगायला लागला. "मी निरोप सांगितला तर तो हसायला लागला. मग डोळे पुसायला लागला. मग म्हणाला, ही माझी अम्मी आहे."

मी ते मराठीत सांगितलं. शमीमताईंनी डाळ चाखली. वानखेडे काकू पुढे वाकल्या होत्या.

"वाईट नाही," शमीमताई म्हणाल्या, "पण मिठाला काय झालं?"

काकांनी टेबलावर थाप मारली. बायू निरोप घेऊन परत आत पळाला.

तिथून पुढे आमच्या जेवणाचा रंगच बदलला. दिवसभर जहाजावर काय काय चाललेलं असायचं. सकाळी डेकवर चालणं, मग तलावाकाठी नाच शिकवायचे, दुपारी आकडे पुकारण्याचा खेळ, संध्याकाळी नाटकघरात जादूगार. त्यातून दुपारची झोप मात्र आम्ही पुणेकरांनी सोडली नाही. पण हे सगळं करताना डोळे रात्रीच्या जेवणाकडे. शेजारच्या टेबलावरचे लोकही विचारायला लागले, आज आत काय निरोप जाणार? "भात मोकळा झालाय, पण रागावल्यासारखा." "वांग्याला घाईत उठवलंय." मी भाषांतर करताना घामाघूम व्हायचे. आतून कधी जास्तीचं लिंबू यायचं, कधी करपवलेल्या खोबऱ्याची चटणी. एकदा नुसता कांदा आला, मुठीने फोडलेला. "बापाची सवय," शमीमताई म्हणाल्या आणि त्या दिवशी कांद्याला नावं ठेवली नाहीत.

एका संध्याकाळी नटूनथटून कप्तानाबरोबर फोटो काढायचा कार्यक्रम होता. शमीमताई हिरवी पैठणी नेसल्या होत्या. फोटोग्राफरने "हसा" म्हटलं, तेव्हा त्या कप्तानाच्या कोटाचा खांदा चिमटीत धरून बघत होत्या. तो फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांनी पाहिला आहे. कप्तानाने विचारलं, काय झालं? मी यावेळी काही गोड केलं नाही. सरळ सांगितलं, खांद्यात सैल आहे. तो उंचापुरा गोरा माणूस म्हणाला, "माझी बायकोही हेच म्हणते." मग मला कुठून धीर आला कुणास ठाऊक, मी म्हटलं, "यांचा मुलगा तुमच्या स्वयंपाकघरात आहे. यांनी अजून त्याला पाहिलेलं नाही."

कप्तानाने शेजारच्या अधिकाऱ्याला काहीतरी सांगितलं. एवढंच. आम्हाला वाटलं, विसरेल.

फुकेतलाही सुट्टी मिळाली नाही. तिथे जहाज खोल पाण्यात थांबलं आणि छोट्या होड्यांनी लोकांना किनाऱ्यावर नेलं. शमीमताईंनी होडीत माझा दंड इतका घट्ट धरला, की वळ उठला. किनाऱ्यावर त्या शहाळं प्यायल्या आणि शहाळेवाल्या बाईला मराठीत म्हणाल्या, की मलई अजून धरायची आहे. ती बाई हसली. त्याही हसल्या. आता फक्त लांगकावी राहिलं होतं.

लांगकावीच्या सकाळी केबिनचा फोन वाजला. दुपारच्या कामापर्यंत मोकळा आहे, धक्क्यावर भेट, असं इरफान म्हणाला. शमीमताईंनी तीन साड्या काढल्या आणि पहिलीच नेसल्या. उतरताना त्या बडबडतच होत्या. त्याला हे विचारायचं, ते सांगायचं, केस कापायला सांगायचं, जेवणाचं तर सगळंच बाकी आहे. त्यांचे शब्द एकमेकांच्या अंगावर पडत होते.

इरफान आला. घरून गेला होता त्याच्या निम्मा वाटत होता. आईच्या गळ्यात पडला, मला वाकून नमस्कार केला, "काकू, तुमचं इंग्रजी आत फार गाजतंय," म्हणाला. मी त्या दोघांना किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडाखाली बाकावर सोडलं आणि वानखेडे काका-काकूंबरोबर बेट बघायला गेले. रोपवेच्या पाळण्यात बसून डोंगरावर गेलो. ढगांच्या खाली सगळी बेटं निळ्या पाण्यात सांडल्यासारखी दिसत होती. मी सारखी म्हणत होते, हे शमीमताईंना दाखवायला हवं होतं.

परत आले तेव्हा बराच वेळ झाला होता. मायलेकांनी काय काय बोलून घेतलं असेल ते ऐकायला मी अधीर झाले होते. लांबूनच हाक मारली. शमीमताईंनी बोट ओठांवर ठेवलं.

इरफान झोपला होता. बाकावर बसल्या बसल्या, आईच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड किंचित उघडं ठेवून. शमीमताई ताठ बसल्या होत्या. हात अवघडलेला दिसत होता, पण त्यांनी तो हलवलेला नव्हता. त्याची मनगटं त्यांच्या मांडीवर पडलेली, त्यांवर भाजल्याचे जुने-नवे डाग. एकेका डागावरून त्या अंगठा फिरवत होत्या, लागू नये इतका हलका.

"केव्हापासून?" मी कुजबुजत विचारलं.

"तू गेलीस ना, लगेच. पाच मिनिटं पडतो म्हणाला."

"मग काही बोलणंच नाही झालं? उठवू का? त्याची वेळ होत आली असेल."

त्यांनी मान हलवली.

"राहू दे अजून थोडा. बोलणं काय, फोनवर होतंच गं," त्या म्हणाल्या. "झोपलेला कुठे बघायला मिळतो?"

समोर निळं पाणी, त्यात आमचं ते अजस्र जहाज, आणि खरेदीच्या पिशव्या घेऊन धक्क्याकडे परतणारी माणसं. शमीमताई त्यातलं काहीच बघत नव्हत्या. थोड्या वेळाने, त्याच्याकडे बघतच, त्या हळूच म्हणाल्या, "सुनीता, जरा इकडे उभी राहतेस? ऊन त्याच्या तोंडावर यायला लागलंय."

मी सरकून उभी राहिले.