कुंदनची कुजबुज

"पक्षी बघायला आलोय. तुम्ही तोंडच उघडायचं नाही!" जीपमधून उतरता उतरता हर्षदाने नवऱ्याला बजावलं.

"मी त हळूच बोली ऱ्हायनू ना!" कुंदन म्हणाला. पार्किंगच्या झाडावरच्या साळुंक्या भुर्रकन उडाल्या.

सुरतेत, बमरोलीच्या लूमखात्यात उभी हयात गेलेल्या माणसाला हळू म्हणजे काय ते कसं कळणार? मागांच्या खडखडाटात ओरडून ओरडून कुंदनचा आवाज जो वर चढला, तो घरी आल्यावरही खाली उतरत नसे. त्याने जेवताना मीठ मागितलं की शेजारची कलाबाई वाटी घेऊन दारात हजर! असलं ध्यान घेऊन पूर्णा नदीकाठच्या अभयारण्यात येण्याची हर्षदाला काही हौस नव्हती. पण "एकटी जावानं नही," अशी सासूबाईंची, म्हणजे शोभाबाईंची अट होती. आणि हर्षदाला दूधराज बघायचाच होता. पांढराशुभ्र, फितीसारख्या लांब शेपटीचा हा पक्षी तिच्या पक्षीनिरीक्षणाच्या ग्रुपमधल्या सगळ्यांना दिसला होता. हिला मात्र तो दर वेळी त्यांच्या मोबाइलवरच बघावा लागे.

ग्रुप चालवणारे महेशभाई माणूस गोड, पण शिस्तीला कडक. "बेन, जो आवाज करेल त्याला परत आणणार नाय हां," कुंदनकडे बघत ते म्हणाले. कुंदन बाद म्हणजे हर्षदाही बाद, हे तिला सांगायला नको होतं.

तोंड गुंतून राहावं म्हणून तिने त्याला पेपरमिंटची गोळी दिली. त्याने ती कडाकड फोडली. काठावरचा खंड्या उडाला.

"काय व्हयनं?" कुंदनने विचारलं. मग बगळेही उडाले.

तिने कपाळाला हात लावला आणि त्याला मागून यायला सांगितलं. मग तर कहरच झाला. चुकामूक नको म्हणून तो प्रत्येक वळणावर "हर्षदाऽऽ, कोठे शे?" अशी हाळी देऊ लागला. महेशभाईंनी दुर्बीण सोडून दोन्ही हात जोडले. "बेन, आता शेवटचं सांगतो."

हर्षदाला रडूच कोसळायचं बाकी होतं. "अहो, खात्यात ओरडूनही ऐकू गेलं नाही तर काय करता?"

"मंग काय, हातना इशारा."

"मग आता तेच करा ना!"

"पहिलेच सांगानं ना!" कुंदन म्हणाला, आणि खरोखरच गप्प झाला.

बांबूच्या बेटापाशी त्याने एकदम हात वर केला. सगळे जागच्या जागी थांबले. त्याने एक बोट फांदीकडे रोखलं आणि दुसऱ्या हाताने हवेत लांबलचक शेपटी काढून दाखवली. अगदी समोर, ओढ्यावरच्या फांदीवर, दूधराज बसला होता. सगळ्यांनी श्वास रोखला. कॅमेरे अलगद वर गेले.

"अहोऽऽ, दिसला! दिसला हो, दिसलाऽऽ!"

अख्खं रान दणाणलं. कुंदनला ऐकू जावं म्हणून लग्न झाल्यापासून हर्षदाही त्याच पट्टीत बोलत आली होती, आणि हे तिच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. दूधराज पार पलीकडच्या काठाला दिसेनासा झाला. एकालाही फोटो मिळाला नाही. कुंदनने ओठांवर बोट ठेवून बायकोकडे बघितलं.

परतताना महेशभाई मुद्दाम कुंदनशेजारी येऊन बसले. "कुंदनभाई, पुढच्या वेळेला जरूर या हां. एकटेच या."

कुंदनने आवाज न करता मान डोलावली. त्याने एकटं जायला शोभाबाईंची काहीच हरकत नव्हती.