बाळासकट मावणारा गाऊन

धनलक्ष्मीचं बाळ दोन महिने आधीच जगात आलं, आणि तिच्या नणंदेनं, म्हणजे शुक्रवार पेठेत ब्लाउज शिवणाऱ्या दाक्षायणीनं, गिऱ्हाइकांचे सगळे ब्लाउज बाजूला सारले. बाळ हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होतं. मूठभर जीव, वजन काही चढेना. आईनं त्याला उघड्या छातीशी जितका वेळ धरावं तितकं चांगलं, असं कीर्ती सिस्टर सांगत होत्या. पण हॉस्पिटलचा गाऊन मागून बांधायचा. उलटा घातला की पुढून सगळं उघडं, आणि वॉर्डात डॉक्टर, वॉर्डबॉय, दुसऱ्या बाळांचे बाप यांची सारखी ये-जा. धनलक्ष्मी लाजून इतकी आखडून बसायची की बाळही आखडायचं आणि लगेच पेटीत परत जायचं.

"मी शिवते की," दाक्षायणी म्हणाली. "बाळ बी आत, अब्रू बी आत. तू सिस्टरला विचार फक्त."

कापड सुती आणि उकळून धुतलेलं असावं, एवढ्या अटीवर सिस्टरांनी होकार दिला. दाक्षायणीनं पिवळ्या फुलांचं मऊ कापड घेतलं, बाळाला आधार द्यायला आतून रुंद पट्टी लावली आणि पुढून गळ्यापासून पोटापर्यंत वेलक्रो. मग तुरीच्या डाळीची पिशवी आत घालून ती जिना चढली, उतरली. डाळ जागची हलली नाही.

वॉर्डातही सगळं छान जमलं. धनलक्ष्मी पहिल्यांदाच खुर्चीत मागं रेलली. बाळ झोपलं. नवल म्हणजे वॉर्डातली झाडून सगळी बाळं एकदम झोपली. सिस्टर चवड्यांवर चालत आल्या आणि बाळाला बघायला म्हणून त्यांनी गाऊनची वेलक्रोची पट्टी ओढली.

चर्रर्र!

ताडपत्री फाटावी तसा आवाज झाला. बाळ दचकून रडलं. त्याचं ऐकून शेजारचं, शेजारच्याचं ऐकून पलीकडचं. यंत्रं टीटी करायला लागली, डॉक्टर धावत आले, एका आईच्या हातून दुधाची वाटी सांडली.

"हे परत आणायचं नाही!" सिस्टर ओरडल्या, पण कुजबुजत.

दाक्षायणीनं घरी येऊन सगळा वेलक्रो उसवला आणि त्याच्या जागी नाड्या लावल्या. पुन्हा धुतलं, उकळलं, वाळवलं. सिस्टरांना पुन्हा गळ घातली. तेवढ्यात धनलक्ष्मीला सर्दी-ताप आला, आणि सिस्टरांनी तिला दारातूनच परत पाठवलं. "बाळाच्या बाबांना बोलवा."

बाबा म्हणजे दाक्षायणीचा भाऊ शिवकुमार. टायरचं दुकान, पिळदार मिशा.

"अक्का, मी? ह्या फुलाफुलांच्यात?"

"बाळाला फुलं कळत न्हाईत. घाल."

गाऊन धनलक्ष्मीच्या मापाचा. नाड्यांची टोकं कशीबशी एकमेकांना पोचत होती. दाक्षायणीनं ओढून ओढून निरगाठी मारल्या. बाळ बापाच्या छातीवर गाढ झोपलं. पुढं सिस्टर त्याला न्यायला आल्या, तर एकही गाठ सुटेना.

"कात्री आणते."

"बाळाजवळ कात्री? अजिबात न्हाई!" शिवकुमार ओठ न हलवता म्हणाला.

"मग करायचं काय?"

"मी बसतो की."

आणि तो बसला. सिस्टरांनी बाळाला नळीनं दूध तिथंच पाजलं. शिवकुमारच्या पायाला मुंग्या आल्या, मिशीखाली खाज सुटली, तो हलला नाही. बाळाशी काय बोलावं हे न कळून तो त्याला हळूच टायरचे नंबर सांगत राहिला. संध्याकाळी दाक्षायणीनं परत येऊन नखानं एकेक गाठ सोडवली, तेव्हा कुठं त्यानं मिशी खाजवली.

सकाळी वजनाचा काटा थोडासाच, पण वर सरकलेला. सिस्टरांनी पुन्हा वजन केलं. तेवढंच. दाक्षायणीनं बाहेर येऊन फोन लावला, आणि पलीकडं धनलक्ष्मी रडत होती की हसत होती, हे दोघींनाही कळेना.

धनलक्ष्मी बरी होऊन आली, तर शिवकुमार गाऊन देईना. "तुला अक्का नवीन शिवंल. ह्यो माझा."

त्याच आठवड्यात दाक्षायणीच्या दुकानात, ब्लाउजच्या गिऱ्हाइकांमागं, एक दांडगा माणूस मान खाली घालून उभा राहिला. सांगोल्याचा नवनाथ, टँकरचा ड्रायव्हर. त्याचंही बाळ त्याच वॉर्डात होतं.

"ताई, ते बाळाचं... माझ्या मापाचं व्हईल का?"

दाक्षायणीनं टेप त्याच्या छातीभोवती घातली. नवनाथ पोट आत ओढून, श्वास रोखून ताठ उभा राहिला.

"श्वास सोडा हो," ती म्हणाली. "आत अजून एकजण बसायचाय."